मामाच्या वाट्याचं डोकं

महालाप्ये
सोमवार, ८ जुलै

दादा,

गुरं कशी आहेत? हिवाळा आहे, पाऊस नाही, गवत वाळलंय, हे मला माहीत आहे, ते लिहू नकोस. तू तसंही काही लिहिणार नाहीस. फोन लावला तर एक बाई गोड आवाजात सांगते की हा नंबर अस्तित्वात नाही. मोदिसे म्हणतो तुझा फोन गुरांच्या हौदात पडला. पडला की टाकला, असं मी विचारलं, तर म्हणाला, "ताई, मी बस चालवतो, चौकशा करत नाही." म्हणून ही चिठ्ठी त्याच्याच हाती देतेय. रोज सकाळी त्याची बस तुझ्या गोठ्याजवळच्या दुकानापर्यंत जाते आणि संध्याकाळी परत येते. तेव्हा उत्तर न देण्यासाठी तुझ्याकडे काहीही सबब नाही.

मुद्द्याचं सांगते. येत्या शनिवारी पहाटे पाकोच्या घरची माणसं आपल्या खुमोला मागणी घालायला येणार आहेत. पाको म्हणजे तोच, पशुवैद्यक खात्यातला, उंच, कान मोठे. माझ्याकडेच गाडी शिकला. मागे घेताना तिन्ही आरशांत बघतो, आणि जावयात मला याहून जास्त काही नको.

आता बोलणीला कोण बसतं ते तुला मी सांगायला नको. लग्न झालेलीच माणसं बसतात. म्हणजे ज्या बाईनं खुमोला जन्म दिला, वाढवलं, नर्स केलं, ती स्वयंपाकघरात, कारण तिच्या गळ्यात कुणी कधी काही बांधलं नाही. खुमोचा बाप जोहान्सबर्गच्या खाणीवर गेला आणि तिकडचाच झाला. त्याच्या घरून मागणीची गुरं सोड, आपल्या दारात कधी एक वासरूही आलं नाही. म्हणून पोरगी आपल्या घराची, आणि आपल्या घराचं तोंड म्हणजे तिचा मामा. म्हणजे तू.

तू आला नाहीस तर चटईसमोरच्या त्या खुर्चीवर गाओलाथे बसेल. आपला हा चुलत भाऊ त्याच्या मेहुणीच्या बोलणीत किती बोलला, आठवतंय ना? पाहुण्यांनी शेवटी टोप्या उचलल्या आणि निघून गेले. ती पोरगी अजून घरात आहे. खुमोचं तसं झालेलं मला चालणार नाही.

आज दिवसभर मा-काबोला पिंपांमधून गाडी मागे घ्यायला शिकवत होते. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली आहे, त्यामुळे पिंपालाही रागावते. क्लच सोडायच्या आधी डोळे मिटून प्रार्थना करते. मी म्हटलं, "मा-काबो, देवाला बोलवा, पण डोळे उघडे ठेवून." तिनं गाडी थांबवली आणि मला उद्धटपणावर व्याख्यान दिलं. गाडी उतारावर होती. पिंप चेपलं.

शनिवारी ये. शुक्रवारीच आलास तर बरं.

गालेबोए


मंगळवार, ९ जुलै

दादा,

मोदिसे परत आला. काय म्हणाला, असं विचारलं, तर म्हणे, "चिठ्ठी घेतली, खिशात घातली, आणि मिठाची दोन पोती मागितली." एवढंच. मी त्याला म्हटलं, अरे, वाचली का तरी? तो म्हणाला, खिसा कोटाचा होता, पँटचा नाही, त्यावरून काय ते समजा. या माणसाच्या बुद्धीवर मी माझ्या पोरीचं लग्न टांगून ठेवलंय.

बरं, तू बोलत नाहीस म्हणून मीच बोलते. त्या डोक्याबद्दल.

खुमो नर्स झाली तेव्हा तू तुझा स्वतःचा बैल दिलास. तांबडा, पांढऱ्या कपाळाचा. भाचीच्या समारंभातल्या जनावराचं डोकं मामाचं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण आपल्या केनेइल्वे आत्याला त्या दिवशी पाद्रीबाबांचा मान ठेवायची हुक्की आली. पाद्री सेलेलो नवा होता, शहरात वाढलेला. त्याला सगळं मांस सारखंच. तिनं दिलं, त्यानं घेतलं. आणि तू फाटकाशी उभा असताना तुझ्या बैलाचं डोकं वर्तमानपत्रात गुंडाळून, शिंगं बाहेर, पाद्र्याच्या गाडीच्या डिकीत गेलं. तू टोपी घातलीस आणि चालू पडलास. तेव्हापासून माझ्या घरात तुझं पाऊल नाही.

तेव्हा मी कुठे होते? मागच्या अंगणात, दोनशे माणसांची ज्वारीची लापशी ढवळत होते. हात खांद्यापर्यंत भरून आले होते. मी दिलं नाही, मला विचारलं नाही, मला दिसलंही नाही. आत्याशी तू आजही बोलतोस. तिच्याकडे ताक पाठवतोस, ती मला ते दाखवून दाखवून पिते. आणि माझ्याशी अबोला. कुठला न्याय आहे हा?

जाऊ दे. आता एक पोरगा परीक्षेच्या आदल्या दिवशी विचारतोय की डावं म्हणजे कुठलं. जाते.

गालेबोए


बुधवार, १० जुलै, गाबोरोनेहून परतताना बसमध्ये

दादा,

अक्षर वाकडं आलं तर रस्त्याला दोष दे.

शाली आणायला गेले होते. शनिवारी चटईवर बसणाऱ्या बायकांना चौकडीच्या शाली हव्यात. आत्यानं फर्मान काढलं की जुन्या चालणार नाहीत, पाहुणे काय म्हणतील. आत्याच्या स्वतःच्या कपाटात चार आहेत, मी मोजल्यात. तरी गेले. पहाटेच्या बसमध्ये एक जण सांधेदुखीचं औषध विकायला उभा राहिला आणि मोचुदी येईपर्यंत थांबला नाही. तो उतरला तर दुसरा बायबल घेऊन उभा राहिला. शेजारच्या बाईनं दोन्ही घेतलं, औषध आणि आशीर्वाद, आणि मग माझ्याकडे वळली. कुठे निघालात, कशासाठी, मुलगी काय करते, मुलगा कुणाचा.

"आणि बोलणीला मामा आहे ना?" ती म्हणाली.

"आहे."

"सख्खा?"

"सख्खा."

"नशीबवान आहात. आमच्याकडे मामाच नव्हता, शेजारचा आणावा लागला. त्याला मुलीचं नावही नीट येत नव्हतं."

आता एक गोष्ट सांगते, जी मी सोमवारी लिहिली नाही. पाकोच्या घरच्यांना मी पंधरवड्यापूर्वीच निरोप दिला आहे की मामा येणार आणि मामाच बोलणार. तुला न विचारता. ते लोक सेरोवेहून येताहेत, सगळे म्हातारे, पद्धतीचे कडक. मामाऐवजी चुलतभाऊ बसलेला बघितला तर पहिला प्रश्न हाच विचारतील की या घरात भाऊ-बहिणीचं पटत नाही का. मग मी स्वयंपाकघरातून काय सांगू, की एका डोक्यावरून पटत नाही?

दुकानातली पोरगी चांगली होती. पाच शाली घडी घालून दिल्या आणि विचारलं, "आई, तुमच्यासाठी एक काढू ना?" मी म्हटलं, मला थंडी वाजत नाही. बाहेर इतका गार वारा होता की डोळ्यांतून पाणी येत होतं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पाचांचंच बिल केलं.

येताना बस दोनदा बंद पडली. आता ही तिसरी वेळ आहे. ड्रायव्हर खाली उतरून इंजिनाकडे बघतोय आणि बाकीचे पुरुष त्याच्याकडे बघताहेत. मी शिकवलेला एकही जण यात नाही, एवढंच समाधान.

उत्तर दे. नाही म्हण, पण म्हण.

गालेबोए


गुरुवार, ११ जुलै

दादा,

आज मोदिसे पायऱ्या चढत आला, चेहरा असा की मंत्रिमंडळाचा निर्णय घेऊन आलाय. मी हातातलं सगळं टाकून उभी राहिले. तर म्हणतो, "तुमच्या भावानं विचारलंय, काय कापणार?"

काय कापणार. तीन चिठ्ठ्या लिहिल्या, पोरीचा संसार पणाला लागलाय म्हणून सांगितलं, आणि तुला पडलंय ते हे. मी म्हटलं, त्याला सांग, बोकड. बैल परवडत नाही आणि माझी जी चार गुरं आहेत ती त्याच्याच गोठ्यावर आहेत. त्याच्याशी बोलल्याशिवाय ती मला मिळत नाहीत आणि तो बोलत नाही. मोदिसे म्हणाला, "ताई, एवढं सगळं मला लक्षात राहणार नाही, बोकड एवढंच सांगतो." ठीक आहे, बोकड सांग.

मग भजनी मंडळाच्या तालमीला गेले. आठवड्यात हा एकच तास माझा असतो आणि त्यातलाही अर्धा गणवेशाच्या भांडणात जातो. वरच्या पट्टीतल्या बायकांना जांभळा हवा, खालच्या पट्टीतल्या म्हणतात जांभळ्यात आम्ही जाड दिसतो. मी मधल्या पट्टीत आहे, दोघी माझ्या कानात भांडतात. शेवटी गाणं झालं. झालं ते मात्र छान झालं, खोटं कशाला बोलू. तेवढा वेळ शनिवार डोक्यातून गेला होता.

निघताना पाद्री सेलेलो दाराशी गाठ पडला. हात हातात घेऊन म्हणतो, "शनिवारी आशीर्वाद द्यायला येईनच मी. काय कापताय?"

बोकड, म्हटलं. तर म्हणतो, "वा, बोकडाचं डोकंही चांगलं लागतं." माणूस वाईट नाही. मनात काही नसतं त्याच्या. आम्ही त्याला कधी सांगितलंच नाही, हाच आमचा मूर्खपणा. आत्या म्हणते, पाद्र्याला कसं सांगायचं, लाज वाटते. आणि मीही आज दाराशी उभी राहून काही बोलले नाही. जिभेच्या टोकावर होतं. बाकी सगळ्यांना बोलते, तिथे नेमकी गप्प बसले.

खुमो विचारत होती, "मामा येणार ना?" मी म्हटलं, येईल. ती म्हणाली, "तू असं म्हणतेस तेव्हा खालच्या ओठाला हात लावतेस." आठवतंय का, शाळेच्या पहिल्या दिवशी तू तिला गाढवांच्या गाडीतून नेलं होतंस आणि वर्गाबाहेर सुट्टी होईपर्यंत बसून राहिला होतास? बाईंनी हाकललं तरी हलला नाहीस. ती आज तेच सांगत होती. मी भांडी घासत होते म्हणून बरं, पाठ होती तिच्याकडे.

गालेबोए


शुक्रवार, १२ जुलै, संध्याकाळी

दादा,

शनिवारची बस दुपारी सुटते. म्हणजे ही चिठ्ठी तुझ्या हातात पडेल तेव्हा सगळं आटोपलेलं असेल. तरी लिहितेय. बसवत नाही म्हणून लिहितेय.

दुपारी मी मैदानात होते. मा-काबोची परीक्षा. तिनं प्रार्थना केली, डोळे उघडे ठेवले, एकाही पिंपाला न लागता गाडी मागे घेतली आणि मग परीक्षकाला सांगितलं की त्यानं शर्ट खोचावा. पास झाली. मला मिठी मारली. मीही मारली, कारण ती आता परत येणार नाही.

घरी येते तर फाटकापुढे ट्रक, आणि ट्रकमधून बैल उतरतोय. काळा, जाड मानेचा, कानाला आपली खूण. माझा नाही, तुझा. ट्रकवाल्याला विचारलं, कुणी पाठवला? त्यानं तुझं नाव घेतलं, "ओतेंगनं." आणि ओतेंग स्वतः येतोय का? "मला फक्त बैल उतरवायला सांगितलंय." बाई गं, या देशात कुणालाच काही माहीत नसतं.

दादा, मी या बैलाचा अर्थ काय लावू? तू येतोयस म्हणून बैल पुढे आला, की तू येत नाहीस म्हणून तुझ्या जागी बैल आला? गाओलाथे म्हणतो, हा नकारच आहे. बैल देऊन हात झटकले. तो आत्ताच नवीन टाय लावून फिरतोय. आत्या म्हणते, देव बघेल. मला कुणाचंच ऐकवत नाही.

पुरुषांनी चारच्या सुमाराला बैल कापला. आणि पाच वाजता पाद्री सेलेलोची गाडी फाटकाशी. म्हणे सहज इकडून चाललो होतो, उद्याची वेळ विचारावी म्हटलं. आत्या लगेच शाल सावरून पुढे, आणि तिची नजर कुठे गेली ते मी पाहिलं. या वेळी मी लापशी ढवळत नव्हते. मी मागच्या मागे गेले, डोकं उचललं, मीठ चोळलं, पोत्यात घातलं आणि अशा जागी ठेवलं की आत्याला काय, पोलिसांच्या कुत्र्यालाही सापडणार नाही. कुठे ते इथे लिहीत नाही, कारण मोदिसे चिठ्ठ्या वाचतो. नाही म्हणतो, पण परवा मला विचारत होता की पाकोचे कान खरंच एवढे मोठे आहेत का.

पाद्री चहा पिऊन गेला. रिकाम्या हाती.

ते तुझं आहे. तू ये नाहीतर नको येऊस, ते तुझंच आहे.

गालेबोए


रविवार, १४ जुलै

दादा,

आधी हे सांग, माझ्या घरात चार खोल्या असताना तू गाओलाथेकडे का झोपलास? त्याच ट्रकमधून आलास, कोपऱ्यावर उतरलास, आणि मी मात्र पहाटेपर्यंत छपराकडे बघत पडले होते. गाओलाथे रात्री घरी गेला तेव्हा तू झोपलेला, म्हणून टाय काढावा लागेल हे त्यालाही पहाटेपर्यंत कळलं नव्हतं म्हणे. त्याच्या तोंडाकडे बघून मला पहिल्यांदा त्याची कीव आली.

मी खिडकीतून बघत होते. अंधार नुकता विरत होता, पाहुणे फाटकाबाहेर कोटांच्या कॉलरी वर करून उभे, आणि तू पुरुषांच्या पुढे चालत आलास. टोपी तीच. थोडा वाकला आहेस. तोंडं धुवायचा हंडा माझ्या हातातून चुलीवर आदळला तो त्यामुळे. तुला वाटलं असेल मी रागानं आदळला.

पाहुण्यांनी रीतीप्रमाणे, पोरीचं नाव न घेता, सांगितलं की आम्ही पाणी भरायचा भोपळा मागायला आलोय. मी दाराआड कान लावून उभी. आता दादा बोलेल, असं म्हणतेय, तर तू म्हणालास, "आत्या, आत जाऊन विचारून ये, भोपळा द्यायचा का."

आत्या आली, धापा टाकत. "तो विचारतोय द्यायचा का."

"त्याला म्हणावं, मग मी आठवडाभर काय लिहीत होते?"

ती बाहेर जाऊन म्हणाली, "हो म्हणतेय." पाहुण्यांना गोड भाषांतर, पण मी कुजबुजत नव्हते आणि भिंत पातळ आहे. तू खोकलास. तुझा तो खोकला मी ओळखते, हसू दाबतोस तेव्हाचा.

मग गुरं किती मागायची. "विचारून ये." लग्न कधी. "विचारून ये." पोरगी नोकरी करत राहणार का. "तेही विचारून ये." केनेइल्वे आत्याचं वय झालंय, दादा. शाल दर फेरीला घसरत होती. तिसऱ्या फेरीला ती माझ्यावर खेकसली, "तुम्ही दोघं एकमेकांशी बोला ना, माझे गुडघे गेले." मी म्हटलं, मला बाहेर यायला बंदी आहे, त्यालाच सांगा. गुरांचा आकडा मी आठ सांगितला, तू बाहेर तोच आकडा म्हणालास, आणि सेरोवेचा तो पांढऱ्या दाढीचा म्हातारा कंटाळून म्हणाला, "मामा, बोलणी तुमच्याशी चाललीय की भिंतीशी?"

तू काय म्हणालास ते मी शब्दन् शब्द ऐकलं. "पोरगी जिनं वाढवली ती तिकडे आहे. मी फक्त मोठ्यानं बोलतोय."

माझ्या हातात कणकेचा गोळा होता. तो मी किती वेळ धरून होते कुणास ठाऊक, मळायचा राहिला आणि तळणी जळली.

आणि मग सगळ्यात शेवटी तू आत्याला पाठवलंस की तिला विचार, तिला स्वतःला काही म्हणायचं आहे का. आत्या दारात उभी, बाहेर सगळे थांबलेले. आठवडाभर मी तुला पानंच्या पानं सुनावली. आणि तेव्हा? म्हटलं, काही नाही. आत्या बाहेर जाऊन म्हणाली, "रडतेय." ते मात्र तिनं जसंच्या तसं सांगितलं.

भोपळा दिला गेला. बायकांनी आरोळ्या ठोकल्या. पाद्र्यानं आशीर्वाद दिला, जेवणं सुरू झाली. आणि आता ऐक, कारण इथे माझा जीव नुसता तळमळतोय. मामाचा मान द्यायची वेळ आली तर डोकं कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. डोकं माझ्या शिकवायच्या गाडीच्या डिकीत, किल्ली माझ्या कमरेला, आणि मी आत अडकलेली, कारण सेरोवेचे म्हातारे अंगणात बसलेले असताना मी त्यांच्यासमोरून जाऊ शकत नव्हते. खुमोला पाठवावं तर तिला शालीत गुंडाळून आतल्या खोलीत बसवलेलं. आत्यानं सगळ्या पातेल्यांची झाकणं उघडली आणि भर अंगणात म्हणाली, "पुन्हा गेलं की काय?" सगळे पाद्र्याकडे बघायला लागले. त्या बिचाऱ्याच्या हातात नुसती वाटी होती. मी खिडकीतून हातवारे केले, किल्ली हलवली. गाओलाथेला वाटलं मी त्याला खाणं वाढायला बोलावतेय, तो ताट घेऊन आला.

तोवर तू टोपी घातली होतीस. बस सुटायची वेळ झाली होती हे खरं. गुरांना पाण्यावर आणायचं होतं हेही खरं असेल. पण तुझा रागाचा चेहरा आणि घाईचा चेहरा एकच आहे, दादा, लहानपणापासून. मी फाटकापर्यंत पळत आले, म्हाताऱ्यांसमोरून, अनवाणी, किल्ली हातात. बस वळणावर होती.

मग काल संध्याकाळी मोदिसे आला. मी दार उघडायच्या आधीच सांगायला लागला. म्हणे, शुक्रवारची चिठ्ठी त्यानं तुला बसमध्येच दिली. तू वाचलीस. मग खिडकीबाहेर तोंड करून बसलास, दुकान येईपर्यंत. एका बाईनं विचारलं बरं वाटत नाही का, तर म्हणालास धूळ गेली. आणि उतरताना एवढंच म्हणालास, "तिला विचार, मीठ नीट चोळलंय का."

चोळलंय. नीट चोळलंय. मिठाबद्दल तू मला विचारावंस, ज्या तुला मी चुलीपुढे उभं राहायला शिकवलं?

काल दुपारीच ते चुलीवर चढवलं, आज सकाळी उतरवलं. जीभ वेगळी बांधली आहे, ती लवकर खराब होते, आधी खा. पाद्री आज उपासना झाल्यावर थांबला होता. मी त्याला दाराशी उभं करून सगळं सांगितलं, डोक्याचं, मामाचं, तीन वर्षांचं. तो इतका ओशाळला की टोपी उलटी घातली. म्हणाला, "मला कुणी सांगितलं का नाही?" मला काही उत्तर सुचलं नाही.

तुझ्या प्रश्नाचं मात्र सुचलंय. मला काय म्हणायचं आहे ते हे की लग्नाच्या आदल्या दिवशी तू गाओलाथेकडे उतरायचं नाहीस. आणि त्या दिवशी जे काही विचारायचं असेल ते आत्याला फेऱ्या मारायला न लावता स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारायचं. दार मी उघडं ठेवीन.

डोकं तीन पायांच्या भांड्यातच पाठवतेय, झाकण तारेनं बांधून, उद्या सकाळच्या बसनं. मोदिसेला सांगितलंय की ते मांडीवर घेतलं तरी चालेल पण टपावर टाकायचं नाही. भांडं शेजारच्या मा-तेबोगोचं आहे. तुला माहीत आहे ती कशी आहे, आत्ताच दोनदा कुंपणाशी येऊन गेली. घासून ठेव. मोदिसेकडे देऊ नकोस, तो कुठेतरी विसरेल. तूच घेऊन ये.

गालेबोए